कडी लागलीय

माणसाच्या मनाइतका मजबूत तुरुंग या विश्वात दुसरा नाही, असं वाक्य मी माझ्या आजारपणाच्या पुस्तकात पहिल्याच पानावर ठोकून दिलं आहे. त्या सकाळी त्यात दुरुस्ती करावीशी वाटली, कारण दिग्दर्शकाच्या गाडीचं मागचं दार आतून उघडत नव्हतं. लहान मुलांसाठीची सोय म्हणे. स्टुडिओच्या आवारात मी, बायको आणि मेव्हणा काचेवर टकटक करत बसलो होतो. दिग्दर्शक फोनवर बोलत केव्हाच आत गेला होता.

पुस्तकावरचा चित्रपट तयार होता. तो बघायचा आणि ‘हा चित्रपट माझ्या पुस्तकाशी इमान राखून आहे’ अशा कागदावर सही करायची, एवढंच माझं काम. सहीवाचून तो लागणार नव्हता. छोट्या थिएटरात मला मधल्या खुर्चीत बसवलं. एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला मेव्हणा, माझ्यावर लक्ष ठेवायला.

पुस्तकात काय आहे ते आधी सांगतो. मी वजनमापांचा तपासनीस. दिवसभर दुकानदारांचे काटे तपासायचे आणि घरी आल्यावर दाराची कडी. तपासून बसलो की वाटायचं, खरंच लागली का? की पुन्हा उठायचं. पुढे पुढे चाळीस-पन्नास खेपा व्हायला लागल्या. कुलूप लावून निघालो तर कोपऱ्यावरूनच परत फिरायचो, मग निघणंच सुटलं. सहा वर्षं मी घरात होतो. शेवटी इस्पितळ, गोळ्या आणि हळूहळू सुटका. त्या सहा वर्षांत मी विचारायचो, “कडी लागलीय का गं?” आणि ही म्हणायची, “लागलीय.” कपडे वाळत घालताना, फोनवर बोलताना, तोंडात दात घासायचा ब्रश असताना. असं उत्तर देणं चूकच होतं, त्याने आजार पोसला जातो, असं डॉक्टर नंतर म्हणाले. असेलही. मी मात्र त्या एका शब्दावर दिवस काढले. दोनशे पानांचं पुस्तक म्हणजे जवळजवळ एवढंच.

चित्रपटात कडी नव्हती. नायकाला पांढरा घोडा दिसत होता. इस्पितळाच्या व्हरांड्यात, जिन्यात, एकदा लिफ्टमध्येसुद्धा. एक देखणी डॉक्टरीण त्याला मिठी मारते, तो खिडकी फोडून गवतातून पळत सुटतो आणि बरा होतो. बायको नवव्या मिनिटाला ट्रकखाली जाते.

“पटकन मेले, बरं झालं,” बायको पुटपुटली.

दिवे लागले. मेव्हणा डोळे पुसत होता. “दाजी, घोड्याचं तुम्ही आम्हाला कधी बोलला नाहीत!”

“घोडा नव्हताच!” मी जरा मोठ्याने म्हणालो.

मेव्हण्याने हळूच विचारलं, “सकाळची गोळी घेतली ना?”

हीच माझी कायमची कोठडी. दुसरा चिडला तर तो आक्षेप, मी चिडलो तर ते लक्षण.

“काका, कडी पडद्यावर मार खाते हो,” दिग्दर्शक समजुतीच्या सुरात म्हणाला. “आणि आजाराला काही कारण नको? म्हणून काकूंना जावं लागलं.”

तपासनिसाला ओरडावं लागत नाही. काटा खोटा असेल तर शिक्का मारायचा नाही आणि तिथेच बसून राहायचं. दुकानदार आपोआप बोलता होतो. मी पेनाचं टोपण लावलं आणि बसून राहिलो. चहा आला, गार झाला. पाऊण तासाने दिग्दर्शक म्हणाला, “बोला, काय हवं?”

“हिचं ते उत्तर.”

“पण त्या वारल्यात!”

“तुमच्याकडे.”

त्याने कपाळाला हात लावला. “बरं. बंद दाराच्या सीनमध्ये मागून आवाज टाकतो. आठवण म्हणून. काकू, तुम्हीच म्हणा, आत्ता.”

“म्हणजे मेल्यावरही सुटका नाही,” बायको उठत म्हणाली.

तिला काचेच्या खोलीत उभं केलं. जाड दार बंद झालं. बाहेर ध्वनिमुद्रक कानाला यंत्र लावून बसला होता. आतलं बाहेर आणि बाहेरचं आत स्पीकरवर ऐकू येत होतं.

“लागलीय,” ती म्हणाली.

“काकू, जरा मायेने.”

“मायेने कुठे म्हणायचे मी? कंटाळून म्हणायचे.”

“मग कंटाळून.”

“लागलीय.”

“छान. आणखी एकदा.”

“लागलीय.”

“श्वास ऐकू येतोय. पुन्हा.”

“लागलीय.”

मी काचेला नाक लावून उभा होतो. दहा झाले, बारा झाले. तिचा आवाज तसूभरही बदलत नव्हता. बाराव्याला तिने आवंढा गिळला. त्या सहा वर्षांत तिने किती आवंढे गिळले असतील, ते माझ्या दोनशे पानांतही कुठे नव्हतं. चौदाव्याला मी टोपण काढलं, कागद मागवला आणि सही ठोकली. “पुरे. सोडा तिला.”

“काका, एकच. शेवटचा.”

काचेपलीकडे ती माइकजवळ वाकली. ध्वनिमुद्रकाने बोट वर केलं.

“अहो, तेवढं एक स्टूल द्या ना कुणीतरी आत. गुडघे भरून आलेत.”