उपासनाची निळी सॅक

मित्रांनो, अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्नच्या एका अपार्टमेंटमध्ये, कपाटाच्या तळाशी, बुटांशेजारी पडलेली जुनी निळी सॅक म्हणजे मी. कारखान्यातल्या कुणा बाईने माझी शिवण दुहेरी घातली, म्हणून मी अजून टिकले आहे. सहा वर्षं मी उपासनाच्या पाठीवर ऑफिसला गेले. लॅपटॉप, छत्री, पाण्याची बाटली, सगळं वाहिलं. "माझी सॅक दणकट आहे यार," असं ती मैत्रिणींना सांगायची, तेव्हा मला बरं वाटायचं.

गेल्या वर्षी तिची आई, रमाबाई, नागपूरहून सहा महिन्यांसाठी आल्या. तीस वर्षं त्यांनी शाळेत इतिहास शिकवला होता. मे महिन्यात उपासनाने मला झटकलं, चार टी-शर्ट भरले आणि आईला म्हणाली, "शिकागोला ट्रेनिंग आहे. आठ दिवसांत येते. काही लागलं तर शेजारच्या कादंबरीकाकू आहेत."

आमचं विमान रोमला उतरलं.

ते दिवस आनंदाचे होते, हे मी नाकारणार नाही. रोमच्या दगडी गल्ल्यांतून उपासना नकाशा न बघता भटकली. कोलोसियममध्ये कठड्याला टेकून तासभर उन्हात उभी राहिली. फ्लॉरेन्सला घुमटावर चढताना बॅगा नेऊ देत नाहीत, म्हणून मी खाली थांबले. ती उतरली तेव्हा घामाने निथळत होती आणि एकटीच हसत होती. भूक लागली की पायरीवर बसून पिझ्झ्याचा तुकडा खायचा, पाय दुखले की एखाद्या चर्चमध्ये टेकायचं. कुणाला काही विचारायचं नाही.

पण रोज दुपारी तीनला फोन वाजायचा. घरी तेव्हा सकाळचे नऊ वाजलेले असायचे.

"उठलीस का बाळा? नाश्ता केलास?"

"आत्ताच केला, आई." तिच्या हातातलं आइस्क्रीम वितळून मनगटावर ओघळत असायचं.

व्हेनिसमध्ये ती बोलत असतानाच घंटा घणघणली. आईने विचारलं, "कसला गं आवाज?"

"शेजारी चर्च आहे."

"बरं. जास्त दगदग करू नकोस. जय भीम."

फोन ठेवून ती पाण्याकडे बघत बसली. त्या दिवशी तिने एकही फोटो काढला नाही.

घरी परतल्यावर ती अंघोळीला गेली आणि रमाबाईंनी कपडे धुवायला टाकण्यासाठी मला उघडलं. आतल्या कप्प्यातून कोलोसियमचं तिकीट निघालं. ते लपवणं माझ्या हातात असतं, तर मी लपवलं असतं.

उपासना केस पुसत बाहेर आली. आईच्या हातातलं तिकीट बघून थबकली.

"हे शिकागोत नाही," रमाबाई म्हणाल्या.

"नाही."

"मला व्हिसा मिळाला नसता, म्हणून नेलं नाहीस का?"

त्यांनी तिला सुटायला वाट करून दिली होती. नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण उपासना माझ्याशेजारी जमिनीवर बसली.

"नाही, आई. व्हिसाचं मी बघितलंच नाही. मला एकटीला जायचं होतं. तू माझ्यासाठी एवढ्या लांब आलीस, आणि मला आठ दिवस कुणीच नको होतं."

रमाबाईंनी तिकीट उलटून पाहिलं. मग म्हणाल्या, "मग तेवढंच सांगायचं. मी काय अडवलं असतं?"

"नसतं अडवलंस. हसून वाटेसाठी खायला करून दिलं असतंस. तेच मला बघवलं नसतं."

रमाबाईंनी तिकीट मांडीवर ठेवून हाताने सपाट केलं. "तीस वर्षं मुलांना पुस्तकातलं चित्र दाखवत आले. आत उभं राहिल्यावर केवढं वाटतं गं ते?"

उपासनाने दोन्ही हात पसरून दाखवले, मग खाली घेतले.

सप्टेंबरात रमाबाई परत गेल्या. पुढच्या वर्षी दोघी मिळून जाऊ, असं उपासना फोनवर म्हणाली. त्या म्हणाल्या, "माझे गुडघे आता चढू देत नाहीत. तू जा. कुठे आहेस तेवढं खरं सांग." तेव्हापासून तिने मला पाठीवर घेतलेलं नाही.

मित्रांनो, सॅक ओली ठेवू नका, चेन हिसडू नका. एकटे फिरायलाही जरूर जा, त्यात काही गैर नाही. मात्र निघण्याआधी घरच्या माणसाला खऱ्या गावाचं नाव सांगा. ऐकून त्यांना वाईट वाटेल. त्यांचा तो चेहरा समोर उभं राहून बघा, आणि मग निघा.