सहावं क्रेडिट

सुपीरियर सरोवराच्या काठी जन्मलेला, बापाच्या मासेमारीच्या बोटीत वाढलेला आणि कॉलेजात पाणी शुद्ध करण्याचं शास्त्र शिकणारा माणूस ‘मला पोहता येत नाही’ असं कोणत्या तोंडाने सांगणार? मी सांगितलंच नव्हतं. आमच्या डुलुथमध्ये तशी वेळही येत नाही. भर ऑगस्टमध्ये लोक घोट्याएवढ्या पाण्यात पाय घालतात आणि किंचाळत बाहेर येतात. ‘आज पाणी फार गार आहे’ एवढं म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही. या एका वाक्यावर मी जन्म काढला. लग्नानंतर कोरिनलाही तेच ऐकवलं.

सव्विसाव्या वाढदिवसाला मी बापाच्या आरोग्यविम्यातून बाहेर पडलो. आमच्याकडे अमेरिकेत तो नियमच आहे, केक कापायचा आणि विमा गमवायचा. हायस्कूलनंतर काही वर्षं बोटीवर घालवल्यामुळे मी अजून कॉलेजातच होतो, म्हणून कॉलेजचा विमा घेतला आणि त्यात कोरिनचं नाव घातलं. जानेवारीत आम्हाला बाळ होणार होतं. सरकारी मदत मागून पाहिली होती, पण इंटर्नशिपचा पगार बघून त्यांनी आम्हाला श्रीमंत ठरवलं. ही इंटर्नशिप शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात, एक सत्रभर. पगार होता, विमा नव्हता. कॉलेजचा आहे की, मी ऐटीत म्हणालो होतो.

मग आर्थिक मदतीच्या खिडकीवरच्या श्रीमती ड्वोराकनी बोलावून घेतलं.

“बाळा, तुझी पाचच क्रेडिटं होतायत.”

“इंटर्नशिप आहे ना माझी. दिवसभर राबतोय.”

“राबतोयस रे, पण शहरासाठी. कॉलेजच्या हिशेबी तू अर्धासुद्धा विद्यार्थी नाहीस. सहा क्रेडिटं झाली की अर्धा. अर्ध्याला मदतही मिळते आणि विमाही. पाचवाल्याला काही नाही. आणि नुसतं नाव घालून चालणार नाही हं. सहाच्या सहा पास झालास तरच जानेवारीत पुढे चालू.”

“हे कुठे लिहिलंय?”

“आम्ही पाठवलेल्या प्रत्येक मेलमध्ये. जाड अक्षरात.”

जाड अक्षरातलं नेहमी दुसऱ्या कुणासाठी तरी असतं, असं मानणाऱ्यांपैकी मी आहे.

कामाच्या वेळा सोडून एका क्रेडिटचं काय उरलंय, ते त्यांनी शोधलं. बोलिंग भरलेलं. बर्फावरचं कर्लिंग भरलेलं. पहाटेचं एकच शिल्लक होतं, प्राथमिक पोहणं.

“सोपं असतं,” त्या म्हणाल्या. “पोरंटोरं करतात.”

“मला येतंच.”

“मग प्राथमिक कशाला?”

“उजळणी,” मी म्हणालो.

घरी येऊन मी कोरिनला सांगितलं, की जीवरक्षकाचा कोर्स घेतलाय. असलं काही बोलताना माझी जीभ कशी सुरळीत चालते, देव जाणे. ती खूश झाली. तिने लगेच फोन करून आईलाही सांगितलं. झालं, परतीचा रस्ता बंद.

वर्गात माझ्याशिवाय सगळी अठरा वर्षांची पोरं होती. मला ती पहिल्याच दिवशी काका म्हणायला लागली. आमची कोच ब्रिटा औने त्यांच्याहून फार मोठी नव्हती, पण तिचा आवाज पोलीस अधिकाऱ्याचा होता. तिने मला फोमची एक लांब गुलाबी दांडी काखेत धरायला दिली. सप्टेंबर संपला, पोरांच्या दांड्या गेल्या. ऑक्टोबर संपला, माझी होतीच.

“काका, दांडीचं नाव काय ठेवलंत?” एका पोराने विचारलं.

“वेन्डेल, डोकं पाण्यात घाला,” ब्रिटा ओरडायची. “पाणी तुम्हाला उचलतं. विश्वास ठेवा.”

दिवसभर मी त्याच पाण्यात काय काय सापडतं ते तपासत होतो. माझा विश्वास बसणं अवघड होतं.

नोव्हेंबरात मी शक्कल लढवली. कान धरून कॉलेजच्या दवाखान्यात गेलो आणि असह्य दुखतंय म्हणालो. नर्सने दोन्ही कानांत डोकावून पाहिलं.

“काही दिसत नाही. पण पोहण्याच्या तासाचा त्रास होत असेल तर चिठ्ठी देते.”

“द्या, द्या.” मी जवळजवळ उडीच मारली, जी मला तलावात कधी जमली नव्हती.

“विम्याचं कार्ड?” मी दिलं. “हं. या चिठ्ठीने कोर्समधून तुमचं नाव निघेल. म्हणजे राहतील… पाच क्रेडिटं.” तिने कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं. “मग हे कार्ड काही चालायचं नाही.”

पोहणं टाळायला चिठ्ठी हवी, चिठ्ठीला विमा हवा आणि विम्याला पोहणं हवं! मी कान सोडला. एकदम बरं वाटतंय, असं सांगून निघालो. नर्सने जाताना सर्दीच्या गोळ्या दिल्या, बहुधा दयेपोटी.

डिसेंबरात परीक्षा आली. खोल टोकाला उडी मारायची आणि उथळ टोकापर्यंत जायचं, कसंही, पण मधे कशालाही न धरता. दोन संधी. गुण त्याच दिवशी कळवायचे होते. पोरं एकेक करून गेली आणि टॉवेल गुंडाळून माझी गंमत बघायला बसली. मी उडी मारली.

उडी छान झाली, म्हणजे खाली जाण्याचा भाग छान झाला. वर येण्याचा भाग ब्रिटाने लांब काठीने केला. मी काठाला लटकून खोकत होतो. तेवढ्यात उथळ टोकाचं दार उघडलं आणि गरोदर बायकांचा एक घोळका पाण्यातल्या व्यायामासाठी आत आला. दुसरीकडचा तलाव दुरुस्तीला काढल्यामुळे त्यांना आज इथे पाठवलं होतं. तिसरी बाई कोरिन होती.

“वेन्डेल?” ती काठाकाठाने माझ्यापर्यंत चालत आली. “हे काय चाललंय? तू जीवरक्षक ना?”

“जीवरक्षक? हे?” ब्रिटा म्हणाली. पोरं खिंकाळली.

कोरिन हसली नाही. “तुला पोहता येत नाही.”

“नाही, ते आज पाणी फार गार—”

“पाणी कोमट आहे, वेन्डेल. वाफा येतायत.” तिचा आवाज चढला. “बोटीत बसवून इतकी वर्षं मला सरोवरभर फिरवलंस! ते पण पोहता येत नसताना?”

“बोटीत कुठे पोहायचं असतं?”

“मला विचारायचंस ना! शाळेच्या संघात होते मी. सप्टेंबरातच शिकवलं असतं तुला.”

“संघात होतीस, म्हणूनच नाही विचारलं.”

मी घाईघाईने दुसऱ्या उडीसाठी वर चढायला लागलो.

“हे आपण घरी बोलू, कोरिन. आत्ता हे क्रेडिट गेलं ना, तर विमा गेला, मदत गेली. जानेवारीत तू आणि बाळ—”

“तू बुडलास तर मी त्या विम्याचं काय करू?”

ती एवढ्या जोरात ओरडली, की उथळ टोकाच्या बायका होत्या तिथे थांबल्या. पोरांनी माना खाली घातल्या. ती रडत होती.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिच्यासाठी आणि बाळासाठी मी रोज पहाटे नाकातोंडात पाणी घेतोय, अशी माझी समजूत होती. केवढा मोठा वाटत होतो मी मला! खरं तर ते पाणी मी तिला काही कळू नये म्हणून गिळत होतो. तिच्यासाठी करायचं असतं तर पहिल्याच दिवशी तिला सांगितलं असतं.

कोरिनने नाक पुसलं आणि ब्रिटाकडे वळली. “मी याच्या बाजूने पोहले तर चालेल?”

“हात लावायचा नाही.”

“नाही लावत. बोलू शकते ना?”

ब्रिटाने विचार केला. “बोलण्याबद्दल नियमात काही नाही.”

कोरिन शिडीवरून सावकाश उतरली आणि आठ महिन्यांच्या पोटासकट अशी तरंगायला लागली, जणू पाणी तिच्या घरचंच.

“उडी मार. वर आलास की पाठीवर हो. कान पाण्यात जाऊ दे.”

“कान पाण्यात गेले तर तुझं ऐकू कसं येणार?”

“एरवी कुठे ऐकतोस? नुसता बघ माझ्याकडे.”

मी काठावर उभा राहिलो.

“मला भीती वाटतेय,” मी म्हणालो. पोरांसमोर, कोचसमोर, तिच्या सगळ्या मैत्रिणींसमोर.

“मलाही,” ती म्हणाली. “ये.”

मी उडी मारली. खाली गेलो, वर आलो, पाठीवर झालो. वर छताचे पत्रे होते आणि बाजूला तिचं तोंड, सारखं काहीतरी बोलत असलेलं. एक शब्द ऐकू येत नव्हता. मी पाय मारत राहिलो. जोर किती लावायचा ते ठाऊक नसल्याने सगळाच लावला. मधे एकदा पाणी तोंडात गेलं आणि मी तिच्याकडे हात केला. तिने हात मागे घेतला, पण तोंड आणखी जवळ आणलं. मग माझं डोकं भिंतीवर दाणकन आपटलं, तेव्हा कळलं की तलाव संपला.

“पास,” ब्रिटा वरून म्हणाली. पोरांनी शिट्ट्या मारल्या.

तिथे पाणी जेमतेम कमरेएवढं होतं. तरी मला उभं राहायचं सुचलं नाही. कोरिनने माझ्या डोक्यावरचं टेंगूळ चाचपलं.

“दुखतंय?”

नाही, असं म्हणायला तोंड उघडलं होतं मी.

“हो,” मी म्हणालो. “खूप दुखतंय. आणि भीती अजून गेलेली नाही. जरा धरतेस?”

परीक्षा संपली होती. तिने मला दोन्ही हातांनी धरलं.