दारातून केलेली सही

पुस्तकांच्या कपाटाशी डास मारायची बॅट तडतडली, की मला शालन बनसोडे यांचं पत्र आठवतं. त्या पत्राला मी उत्तर दिलेलं नाही. अकरा वर्षं झाली. ते त्याच कपाटात, शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात ठेवलेलं आहे. डास नेमके तिथेच का जमतात, हे मात्र मला बरेच दिवस कळलं नव्हतं.

"पप्पा, अजून एक! तुमच्या कानाजवळ बघा!"

कॉटवरून माझी मुलगी धम्मप्रिया ओरडली. सातवा महिना लागला तशी ती बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. मी बॅटचं बटण दाबून हात फिरवला. नुसती हवा हलली. शेजारचे सिद्धराम खिडकीतून बघतच होते.

"काय सरवदे, सकाळी सकाळी टेनिस व्हय? रिटायर होऊन बी ड्युटी सुटंना की तुमची!"

तीस वर्षं मी डासांच्या खात्यात होतो. लोक तसंच म्हणत. घरोघरी जायचं, पिंपात, बॅरलमध्ये टॉर्च मारून अळ्या आहेत का बघायचं, आणि दारामागे टांगलेल्या कार्डावर तारीख घालून सही करायची. आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. पाणी साठवलेलं नाही असं घर मला कधी भेटलं नाही.

पुढच्या फटक्याला जाळीत ठिणगी उडाली आणि केस जळाल्यासारखा वास आला. वाचायला वापरतो ते भिंग आणून मी पाहिलं. पायांवर पांढरे पट्टे होते. दिवसा चावणारा. डेंगीचा.

"म्हंजे आपल्याच घरात होतोय की तो," धम्मप्रिया उठून बसली. तिचा हात पोटावर गेला. "पिंप झाकलंय का?"

"झाकलंय."

"बघितलं का तुमी, का नुसतं म्हणताय?"

ती सहज बोलून गेली. मी बॅट धरून तसाच उभा राहिलो. शालनबाईंनीही हेच विचारलं होतं.

'साहेब, एकच विचारायचं आहे. त्या मंगळवारी आमचा बॅरल तुम्ही बघितला होता का? कार्डावर तुमची सही आहे, ठीक असं लिहिलेलं आहे. सासूबाई येईल त्याला ते कार्ड दाखवतात. साहेबांनी बघितला तेव्हा बॅरल चांगला होता, मागून हिनंच उघडा टाकला आणि माझा दिपक घालवला, म्हणतात. ऐकून ऐकून मलाही आता तसंच वाटतं. मी सांगोल्याला माहेरी आले आहे. जे असेल ते कळवा.'

दिपक म्हणजे त्यांचा नवरा. डेंगीनं गेला. लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

त्या मंगळवारी त्यांच्या घराचं दार अर्धवट उघडं होतं. आतून पाणी ओतल्याचा आणि बांगड्यांचा आवाज येत होता. बॅरल न्हाणीला लागूनच होता. हाक मारायला माझी जीभ उचलेना. बायकांशी बोलायचं म्हटलं की माझं हे नेहमीचंच. पुढच्या आठवड्यात बघू म्हणून मी दारातूनच हात घालून कार्ड काढलं, 'ठीक' लिहिलं, सही केली आणि पुढच्या घरी गेलो.

पत्र आलं तेव्हा आधी नोकरीची भीती वाटली. मग पेन्शनची. पेन्शन सुरू झाल्यावर भीती गेली आणि नुसती लाज उरली. ती काही मला सोडायला तयार नव्हती.

"बघतो," मी धम्मप्रियाला म्हणालो.

पिंप झाकलेलं होतं, पाणीही स्वच्छ. कुलरची टाकी कोरडी. फ्रिजमागचा ट्रे कोरडा. मग मी कपाटाशी येऊन स्टुलावर चढलो. कपाटावर बायकोच्या हातची मनी प्लांटची बाटली होती. टॉर्च धरला. पाण्यात अळ्या वळवळत होत्या.

ही गेल्यापासून मी त्या बाटलीत वरून पाणी घालत आलो होतो. ओतून कधी टाकलं नाही. तिनं भरलेल्या पाण्यातलं थोडं तरी आत उरलं असेल, असं वाटायचं.

"मम्मीची बाटली?" धम्मप्रियानं खालून विचारलं.

"हो."

"ओता पप्पा. वेल कुंडीत लावू. मातीत बी जगतो की तो."

अंगणातल्या तापलेल्या फरशीवर मी बाटली उपडी केली. बघता बघता ओल आटली. मग आत येऊन शब्दकोश काढला.

उत्तराचे तीन कागद फाडले. पहिल्यात माझ्या अडचणी फार होत्या, दुसऱ्यात डासांची माहिती फार होती, तिसऱ्यात दोन्ही. चौथा धम्मप्रियाला वाचायला दिला.

'शालनताई, त्या मंगळवारी मी तुमचा बॅरल पाहिला नाही. दारातूनच सही केली. ठीक हा शब्द खोटा होता. तो डास तुमच्या घरातला होता, शेजारचा होता की दिपकच्या कामाच्या जागेवरचा, हे कुणालाच सांगता येणार नाही. माझ्या सहीमुळे लोकांना ते सांगता येतं असं वाटलं. हे पत्र हवं त्याला दाखवा. उत्तराला उशीर केला, तो अपराध वेगळा.'

"कुणी तक्रार केली म्हंजे?" तिनं विचारलं.

"करू दे."

"आन् त्या आता तितं नसल्या तर?"

पाकिटावर मी सांगोल्याचाच पत्ता लिहिला. पत्ता अकरा वर्षांपूर्वीचा. पत्राखाली मी पूर्ण नाव लिहिलं, जुना हुद्दा लिहिला आणि सही केली.

पोस्टाबाहेरच्या पेटीत पाकीट सरकवलं. आत पडल्याचा आवाज काही आला नाही. मी निघालो, चार पावलं गेलो, आणि परत फिरलो. खिशातला टॉर्च काढला आणि वाकून पेटीच्या फटीशी धरला.

"आजोबा, काय पडलं का आत?" मागून एका बाईनं विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "बघतोय."