एकबी न्हाई

“पाळीच्या दुखण्यानं महिन्यातले किती दिवस झोपून काढावे लागतात?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

प्रश्न अकरावीतल्या भूमिकाला होता. उत्तर तिच्या आईनं, रुद्राणीनं दिलं. “एकबी न्हाई. आमच्यात तसलं काय न्हाई.”

हे उत्तर रुद्राणीनं स्वतःसाठी अठरा वर्षं तोऱ्यात वापरलं होतं. लग्न होऊन आली त्याच महिन्यात सासूनं, शिवलीलाबाईंनी बजावलं होतं, “आपुन लिंगायत, गळ्यात लिंग हाय, विटाळ कसला? आपल्यात बाजूला बसत न्हाईत.” शेजारच्या शालूबाई पाळी आली की कोपऱ्यात बसून आयतं खायच्या. रुद्राणीला त्यांची कीव यायची आणि, खरं सांगायचं तर, हेवाही वाटायचा. डोळ्यांपुढं अंधारी यायची, तरी घरच्या खानावळीतल्या रोजच्या शंभर भाकऱ्या एकदाही चुकल्या नाहीत. कामं होतायत म्हणजे दुखणं बेताचं, असं म्हणून प्रत्येक डॉक्टरनं गोळी दिली. गेल्या वर्षी पोट उघडलं, तेव्हा गर्भपिशवीच्या अस्तरासारखं काहीबाही बाहेरच वाढून आतडं चिकटलेलं निघालं. पिशवी काढावी लागली.

डॉक्टरीणबाई लिहायला लागल्या. भूमिका खुर्चीच्या कडेवर वाकून ओढणीचं टोक मुठीत पिळत होती. ती मूठ रुद्राणीच्या ओळखीची होती.

“थांबा की बाई. खोडा ते.”

“का हो?”

“झोपत न्हाई, कारण मी झोपू देत न्हाई. काल दोनदा ओकली, तरी पेपरला धाडली. म्हटलं, मी काय मेले का?”

मग स्वतःच्या ऑपरेशनचंही सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी खोडलं. “सोनोग्राफी करू. पण तीत काही दिसलं नाही, तरी दुखत नाही असं धरायचं नाही. कुठल्या तारखेला, कुठं, किती दुखलं, काय काय बुडलं, सगळं लिहून आणायचं.”

घरी शिवलीलाबाईंनी विचारलं, “दिवसाढवळ्या झोपवलीस व्हय पोरीला? आपल्यात...”

“आपल्यात झोपत्यात, अव्वा. आजपास्नं.” रुद्राणीनं अंथरूण मधल्या खोलीत घातलं होतं, कोपऱ्यात नाही.

“आणि मी काय दगडाची हुते?” म्हातारी पुटपुटली.

संध्याकाळी खानावळीत भाकरी थापता थापता रुद्राणीचा हात सवयीनं ओटीपोटाशी गेला. तिथं आता टाक्यांचा वण तेवढा होता. साडीवर पिठाचा पंजा उमटला. तो झटकून तिनं पुढचा गोळा घेतला.