दिवसा बरा दिसणारा खांब

मित्रांनो, मी एक जुना दिव्याचा खांब आहे. एका कॉलेजच्या आवारात, वाचनालयाकडून मुलींच्या वसतिगृहाकडे जाणाऱ्या वळणावर उभा आहे. दिवसा पाहाल तर म्हणाल, खांब काय ताठ उभा आहे! तेच तर माझं दुखणं आहे.

कारखान्यात लोखंडी नळी वाकवून माझी मान केली, तेव्हा मी मोठ्या ऐटीत होतो. इथे आल्यावर माझ्या उजेडात मुली गप्पा मारत जायच्या. परीक्षा जवळ आली की एखादी माझ्या बुंध्याशी बसून पाठांतर करायची. रखवालदार सगळ्यांना सांगायचा की या वळणाची काळजी नाही. ते ऐकून लोखंडाचा असूनही माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

मग माझ्या पायातली वायर गंजली आणि मी विझलो. तक्रार झाली, "बघू" असं उत्तर आलं आणि ते तसंच राहिलं. मात्र प्रवेशाचे दिवस आले की मला न चुकता चंदेरी रंग फासला जायचा.

अशाच दिवसांत एक रंगारी आपल्या मुलीला घेऊन आला. त्याच्या नखांत पांढरा रंग बसलेला होता. दुसरं एक कॉलेज ते आधी पाहून आले होते. तिथे रस्ते उजळ होते, फाटकावर पहारा होता, पण फी इथल्या दुप्पट. ती भरली असती तर धाकट्याची शाळा बदलावी लागली असती. बापाचा जीव टांगणीला लागला होता. त्याने माझ्या अंगावरून हात फिरवला आणि त्याचा चेहरा सैल झाला.

"रंग ताजा आहे. दिवेही जागोजागी आहेत. लक्ष आहे इथल्या लोकांचं."

"बाबा, अंधार पडेपर्यंत थांबून बघू या का?"

"अगं, शेवटची बस जाईल. आणि खांब काय रात्री पळून जातात?"

मुलगी हसली. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. मी नुसता उभा राहिलो, आणि माझ्या उभं राहण्यावरच त्याने भरवसा ठेवला.

मुलगी इथे शिकू लागली. संध्याकाळी वाचनालयातून परतताना या वळणावर ती मोबाइलचा उजेड पाडायची. बापाचा फोन आला की म्हणायची, "हो बाबा, दिवे आहेत ना." पैसे वाचल्याचं त्याचं समाधान तिला मोडायचं नव्हतं.

एकदा तिचा मोबाइल बंद पडला होता. मागून पावलं आली. ती भरभर चालू लागली, तशी पावलंही भरभर झाली. ती पळाली आणि माझ्याच पायाशी दगडाला अडखळून पडली. मनगट मोडलं. वसतिगृहातून कुणी बॅटरी घेऊन आलं, तेव्हा ती पावलं मागे फिरली. कोणाची होती, ते मलाही दिसलं नाही. दिव्याच्या खांबाला याहून लाजिरवाणं काय असेल?

बाप आला. या वेळी तो अंधार पडेपर्यंत थांबला. हाताला प्लास्टर घातलेली मुलगी त्याच्याशेजारी, माझ्या बुंध्याशी बसली होती.

"लोकांच्या भिंतींची ओल मी आयुष्यभर रंगाखाली झाकली," तो म्हणाला. "आणि रंग बघून तुला इथे आणलं ते मीच."

"मीही तुम्हाला खोटंच सांगत होते, बाबा."

बराच वेळ दोघंही माझ्याकडे बघत नव्हते. बघितलं असतं तर मला सोसलं नसतं.

सकाळी तो डबा आणि ब्रश घेऊन आला. माझ्या छातीवर त्याने काळ्या, ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'हा दिवा लागत नाही.' कॉलेजच्या लोकांनी खूप आरडाओरडा केला आणि त्यावर घाईघाईने चंदेरी रंगाचा एक हात मारला. पण एका हातात काळा रंग झाकला जात नाही, हे त्या रंगाऱ्याला चांगलं ठाऊक होतं. मुलगी आता मैत्रिणींबरोबर लांबच्या रस्त्याने जाते. मी अजून विझलेलाच आहे.

मित्रांनो, कॉलेज निवडताना फी बघाच, ती बघावीच लागते. पण आमच्यासारख्यांची भेट एकदा अंधारातही घ्या. मला रंग नको, एक वायर हवी आहे.

आज दुपारी एक बाई मुलीला घेऊन आल्या. चंदेरी रंगाखालून उन्हात वर आलेली अक्षरं त्यांनी बोट फिरवत वाचली. मग पिशवी खाली ठेवून दोघी माझ्या बुंध्याशी बसल्या. त्या अजून इथेच आहेत, दिवस मावळायची वाट बघत.