शेवटच्या बाकाचा उच्चार

फ्रेंचच्या बाईंनी फळ्यावर एस काढला आणि तिसरीच्या वर्गाला सांगितलं, "हा शब्दाच्या शेवटी बसतो, पण बोलत नाही."

"मग बसतो कशाला?" शेवटच्या बाकावरून भोंगा म्हणाली. तिचं खरं नाव फक्त हजेरीला उपयोगी पडायचं. आवाज मात्र दोन भिंती ओलांडून जायचा.

"वाट बघत. पुढचा शब्द स्वरानं सुरू झाला की हा तोंड उघडतो. नुसतं 'ले' म्हटलं की मुका. पण पुढे 'आंफां', म्हणजे मुलं, आली की लगेच 'लेझांफां'!"

शेवटच्या बाकाला हे अक्षर एकदम घरातलं वाटलं.

त्याच आठवड्यात संस्थेचे अध्यक्ष वर्ग बघायला येणार होते. मुख्याध्यापिकांनी बाईंना दालनात बोलावून फर्मान काढलं. "पहिला बाक बोलेल. शेवटचा तोंडाला कुलूप लावेल. त्यांचं फ्रेंच ऐकून धडकी भरते. पुढच्या सत्रापासून त्यांना फ्रेंचऐवजी कागदकाम."

"मॅडम, तीही शिकतायत."

"शिकू दे की. घड्या घालायला."

बाईंनी वर्गात येऊन सगळं जसंच्या तसं सांगितलं, साखर न पेरता.

"म्हणजे आम्ही एस?" भोंगानं विचारलं.

"नियम नीट पाळा," बाई म्हणाल्या. कुठला, ते नाही सांगितलं.

अध्यक्ष आले. पहिल्या बाकानं फळं, फुलं, रंग घडाघडा म्हणून दाखवले. अध्यक्ष मान डोलवत मागे निघाले, तशा मुख्याध्यापिका लगबगीनं मध्ये येऊन उभ्या राहिल्या. "ही मुलं जरा लाजरी आहेत."

बाक चिडीचूप. अध्यक्षांनी मुख्याध्यापिकांच्या खांद्याआडून डोकावून पाहिलं.

"बाँझूर!"

शेवटच्या बाकाच्या या फ्रेंच नमस्कारानं काचा थरथरल्या. पहिल्या बाकावरच्या हुशार मुलाला रडू फुटलं. मुख्याध्यापिका सरकून पुन्हा मध्ये आल्या. पुन्हा शांतता. अध्यक्ष दुसऱ्या बाजूनं डोकावले. शेवटच्या बाकानं सगळी फळं म्हटली, फळं संपल्यावर महिने, आणि महिने संपल्यावर तेच उलटे.

"मॅडम मध्ये आल्या की गप्प का होता रे?" अध्यक्षांनी विचारलं.

"तुम्ही अ-नं सुरू होता," भोंगा म्हणाली. "त्या म-नं. आमचा नाइलाज आहे."

अध्यक्ष पोट धरून हसले, चहा प्यायले आणि गेले. हसणाऱ्याचं काय जातं? दालनात मुख्याध्यापिकांपुढे बाई एकट्याच उभ्या होत्या.

"हे खूळ तुम्ही घातलंत ना त्यांच्या डोक्यात?"

बाई गप्प.

"माफी मागा. नाहीतर उद्यापासून येऊ नका."

बाई गप्पच. नोकरी डोळ्यांपुढे तरळत होती.

दार ढकलून अख्खा शेवटचा बाक आत घुसला.

"तुम्हाला कोणी बोलावलं?"

"कोणी नाही," भोंगा म्हणाली. "बाईंच्या पुढे उभं राहायला आलोय."

आणि राहिली, सगळीच्या सगळी. मुलं. आंफां.

बाईंचं तोंड उघडलं. "माफी नाही मागणार. हा बाक फ्रेंच शिकणार. मला काढलंत तर फाटकाबाहेर बसून शिकवीन. सरावाला भोंगा आहेच."

भोंगानं नमुन्यादाखल श्वास घेतला.

मुख्याध्यापिकांनी खिडकीतून फाटकाकडे पाहिलं. अगदीच जवळ होतं.

"वर्गातच शिकवा," त्या म्हणाल्या. "दार लावून."