टोपीवरची तार

विब्केच्या पायाला दोन दिवस भिंगरी लागली होती. शुक्रवारी प्रबंध द्यायचा, एक तारखेला बाझेलला नोकरीवर हजर व्हायचं, आणि तीस अंशांच्या पुढचे आकडे काही केल्या गप्प बसेनात.

तसं काम सरळ होतं. द्रवावर लेझरचा ठोका पडला की रेणूंच्या साखळ्या वाढू लागतात, पुढच्या ठोक्याला थांबतात. तेवढ्यात साखळी किती लांबली ते मोजलं की वाढीचा वेग हाती येतो. द्रव तीस अंशांपर्यंत तापवला तोवर आलेखावरचे तिचे ठिपके शहाण्या मुलांसारखे एका रेषेत बसले. पुढचे खाली घसरले. प्राध्यापिका ओल्टमान्स म्हणाल्या, भांडं नीट धुतलं गेलं नसेल, ते ठिपके गाळा. हेनिंगने चार वर्षांपूर्वी आपल्या प्रबंधात तेच केलं होतं, आणि आज गटिंगेनमधल्या याच प्रयोगशाळेत तो डॉक्टर म्हणून मिरवत होता. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण बुधवारी तिने ठोके दुप्पट वेगाने मारून पाहिले. वेग खरा असता तर आकडा हलला नसता. तो वाढला. म्हणजे गरम झालेली साखळी मागे वळून स्वतःच्याच अंगाला फांदी फोडत होती आणि तिथे रेंगाळत होती. ठोके घाईने आले की रेंगाळायला फुरसत नव्हती. ती इतके दिवस रेंगाळणं मोजून त्याला वेग म्हणत होती. तिला स्वतःची लाज वाटली.

ती तडक खालच्या कार्यशाळेत गेली. हेनिंग तिची डॉक्टरकीची टोपी बनवत होता, नव्या डॉक्टरला सहकारी स्वतः बनवून घालतात ती. पुठ्ठ्यावर तिचा आलेख, त्यावर तांब्याची सरळ तार. त्याने टोपी घाईघाईने पाठीमागे लपवली.

"आधी बघायची नसते, बाई. आणि ही तार सरळ करता करता माझी बोटं सोलली."

तिने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्याने टोपी पुढे आणून टेबलावर ठेवली.

"शुक्रवारचं काय?"

"नाही देत."

"आणि बाझेल?"

"ते थांबणार नाहीत."

"मग माझा आकडाही गेला म्हणायचा."

"हो. तेच तुला सांगायला आले. वर ओल्टमान्सबाईंकडे जायच्या आधी."

हेनिंगने पक्कड उचलली आणि टोपीवरची तार तीस अंशांपाशी खाली वाकवली. मग फळीवरून धूळ खात पडलेली, तशीच सरळ तार लावलेली स्वतःची टोपी काढली आणि पक्कड तिच्यापुढे धरली.

"ही तू वाकव. माझ्या हातून व्हायचं नाही. मग दोघं मिळून वर जाऊ."